क्रीट बेटावर काय खावे, कधी खावे आणि कसे मागवावे

क्रीट हे ग्रीसचे सर्वात मोठे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर, मधोमध उंच डोंगर आणि दोन्ही बाजूंना समुद्र. पर्यटक राहतात किनाऱ्यावर, पण इथले खाणे आले आहे डोंगरातून. धनगरांचे चीज, रानातल्या पालेभाज्या, सातूच्या कडक भाजलेल्या पावांचे साठे आणि ऑलिव्हचे तेल यांवर इथली खेडी शतकानुशतके जगली. मासे हा किनाऱ्यापुरता भाग, आणि मांस सणासुदीचे. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या खेड्यांतले पुरुष होते, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात अतिशय कमी आढळले. ती माणसे जे जेवत होती ते आजही मिळते, पण बंदरावरच्या फोटोवाल्या मेनूत क्वचितच.

बहुतेक नवखे लोक मूसाका, सुवलाकी आणि ग्रीक सॅलड खाऊन परततात. हे पदार्थ चांगलेच आहेत, पण ग्रीसमध्ये कुठेही मिळतात. क्रीटचे म्हणून जे आहे ते हवे असेल तर दोन गोष्टी पाहून मागवावे लागते: महिना कोणता आणि घड्याळात किती वाजले आहेत. पदार्थांची नावे पाठ करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

महिना पाहा

मार्च ते मे हा खाण्यासाठी सर्वात चांगला काळ. रानभाज्या कोवळ्या असतात, आर्टिचोक आणि ओला बाकला कच्चा खाल्ला जातो, मेंढ्या-शेळ्यांना भरपूर दूध असते आणि त्यामुळे ताजे मिझिथ्रा चीज सगळीकडे मिळते. जून ते सप्टेंबर टोमॅटो, वांगी, कोवळी झुकिनी आणि तिची फुले, अंजीर, कलिंगड. याच काळात दूध मात्र आटत जाते. ऑगस्टमध्ये ताजे मिझिथ्रा शोधणे अवघड, म्हणून तेव्हा दाकोसवर, म्हणजे टोमॅटो-चीज घातलेल्या कडक पावावर, फेटा चीज आले तर तक्रार करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या पावसानंतर गोगलगायी निघतात आणि द्राक्षांच्या चोथ्यापासून राकी ही दारू गाळण्याच्या भट्ट्या पेटतात. नोव्हेंबरपासून नवे तेल येऊ लागते. हिवाळ्यात संत्री उत्तम, पण किनाऱ्यावरची बरीच हॉटेले बंद असतात. तेव्हा हानिया, रेथिम्नो किंवा हेराक्लिओन शहरात मुक्काम ठेवावा.

शाकाहारी माणसाने ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधीचे सात आठवडे साधले तर त्याची चैन असते. तो ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा मोठा उपवासाचा काळ. मांस, अंडी, दूध वर्ज्य असल्याने तावेर्नांत, म्हणजे साध्या खाणावळींत, डाळी, कडधान्ये आणि तेलात शिजवलेल्या भाज्यांचे प्रकार वाढतात. 1 ते 14 ऑगस्ट असाच दुसरा छोटा उपवास असतो. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा वेगळी येते, म्हणून कॅलेंडर वेगळे तपासा. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे.

घड्याळ पाहा

तावेर्ना म्हणजे साधे, घरगुती वळणाचे जेवणाचे ठिकाण. इथे दोन प्रकारचे पदार्थ असतात. ‘मागिरेफ्ता’ म्हणजे सकाळी मोठ्या पातेल्यांत आणि ट्रेमध्ये शिजवून ठेवलेले: भरल्या भाज्या, फरसबी, राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे, रस्से. ‘तिस ओरास’ म्हणजे मागणी आल्यावर भाजून किंवा तळून दिलेले. मागिरेफ्ता दुपारी एक ते तीनच्या दरम्यान खावे. रात्री नऊला गेलात तर चांगले ते संपलेले असते आणि उरलेले पुन्हा गरम केलेले असते. भाजलेले मांस, मासे आणि तळणी यांच्यासाठी रात्र चांगली. स्थानिक लोक रात्री नऊनंतरच जेवायला बाहेर पडतात. सात वाजता गेलात तर जागा मिळते, पण कधी कधी चूल अजून तापलेली नसते.

भारतातून गेलेल्यांना भूक साडेबारा आणि साडेसातला लागते. त्यावर सोपा उपाय म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास बेकरीतून काही खाणे, दुपारचे जेवण दोनला नेणे आणि तेच दिवसाचे मुख्य जेवण करणे. रात्री एक सॅलड, एक चीजचा पदार्थ, एवढे पुरते.

तावेर्नात बसल्यापासून उठेपर्यंत

1. मेनू हातात घेण्याआधी विचारा, आज काय शिजवले आहे? बऱ्याच जुन्या तावेर्नांत गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात किंवा काचेच्या कपाटापाशी नेऊन पातेली दाखवतात. नजरेने पाहून मागवणे इथे शिष्टाचाराला धरून आहे. संकोच नको.

2. मेनूत पदार्थाच्या नावापुढे तारका दिसली तर तो गोठवलेल्या मालापासून केलेला आहे. तशी खूण करणे बंधनकारक आहे. ऑक्टोपस किंवा कोळंबी गोठवलेली असणे समजू शकते. पण तळलेल्या बटाट्यांपुढे तारका असेल तर ते स्वयंपाकघर कष्ट टाळते आहे असे खुशाल समजा. चांगल्या तावेर्नात बटाटे हाताने चिरून ऑलिव्ह तेलात तळतात, ते वेडेवाकडे आणि थोडे मऊ असतात.

3. दोघांसाठी एक सॅलड, एक भाजी किंवा कडधान्य, एक चीजचा पदार्थ आणि एक मुख्य पदार्थ एवढेच मागवा. ताटल्या मोठ्या असतात आणि सगळे मधे ठेवून वाटून खातात. प्रत्येकाने आपापला मुख्य पदार्थ मागवला की निम्मे उरते. हवे तर अर्धी प्लेट मागता येते, ‘मिसी मेरीदा’.

4. पदार्थ तयार होईल तसे टेबलावर येतात, क्रम नसतो. लहान मुले असतील तर त्यांचे आधी आणा असे स्पष्ट सांगा.

5. पाव न मागताही येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे बिलात लागतात. नको असेल तर आल्या आल्या परत द्या. टोपलीत हात घातल्यावर नाही.

6. बिल आपणहून आणत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला उठवणे उद्धट मानले जाते. ‘तो लोगारियास्मो, पाराकालो’ म्हणा. छापील पावती मिळालीच पाहिजे. पावती न दिल्यास गिऱ्हाइकाने पैसे देणे बंधनकारक नाही, असे मेनूतच छापलेले असते. कार्ड चालते, तरी डोंगरातल्या गावांत रोख जवळ असावी. टिप म्हणून 5 ते 10 टक्के किंवा वरची रक्कम पूर्ण करून देणे पुरेसे.

जेवण आपल्याला अळणी वाटण्याची शक्यता मोठी. तिखट म्हणून ‘बूकोवो’ मागा, सुक्या लाल मिरचीचा भरडा असतो. सोबत जास्तीचे लिंबू. पण पहिले दोन घास त्याशिवाय खा, नाहीतर तेलाची चव कळतच नाही.

दाकोस: इथून सुरुवात करा

पहिल्या जेवणात दाकोस मागवावे. सातूच्या पिठाचा जाड पाव एकदा भाजून, आडवा कापून, मंद आचेवर कित्येक तास पुन्हा वाळवतात. त्यात ओलावा राहत नाही म्हणून त्याला बुरशी येत नाही आणि तो महिनोन् महिने टिकतो. यालाच ‘पाक्सिमादी’ म्हणतात. रानात शेळ्या घेऊन गेलेला माणूस झोळीत हाच पाव नेई आणि पाण्यात भिजवून खाई. त्यावर टोमॅटो आणि चीज आले की झाले दाकोस.

हॉटेलच्या ऐवजी स्वयंपाकघर असलेल्या खोलीत राहणार असाल तर हा पदार्थ दहा मिनिटांत होतो, शेगडीही लागत नाही. एका माणसाला:

सातूचे गोल पाक्सिमादी 1, साधारण तळहाताएवढे
पूर्ण पिकलेला मोठा टोमॅटो 1
क्सिनोमिझिथ्रा (आंबटसर मिझिथ्रा चीज) 50 ग्रॅम, न मिळाल्यास फेटा चीज
ऑलिव्ह तेल 2 मोठे चमचे
चिमूटभर सुका ओरेगानो, मीठ, तीन-चार काळी ऑलिव्ह फळे, आवडत असल्यास केपर (खारवलेल्या कळ्या)

पाक्सिमादी नळाखाली दोन-तीन सेकंद धरा, दोन्ही बाजूंनी, आणि लगेच झटका. ताटलीत ठेवून अर्धे तेल त्यावर सोडा. टोमॅटो मधोमध कापून मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, साल हातात राहते ती टाकून द्या. कीस रसासकट पावावर पसरा, मीठ घाला आणि पाच मिनिटे थांबा. या पाच मिनिटांत रस आत उतरतो. मग चीज कुस्करून घाला, उरलेले तेल, ओरेगानो आणि ऑलिव्ह. कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ, दाताला जाणवेल इतपतच, असे झाले पाहिजे.

बिघडते ते बहुधा पाण्यामुळे. वाडग्यात बुडवून ठेवले तर पावाचा लगदा होतो आणि टोमॅटोचा रस प्यायला जागाच उरत नाही. अजिबात न भिजवता घाईने खाल्ले तर दात दुखतात, आणि कवळी किंवा दातावर कॅप असेल तर खरोखर धोका. दुसरी चूक म्हणजे फ्रिजमधला टोमॅटो. तो थंड असताना चव लागत नाही आणि रसही सुटत नाही. तिसरी चूक दुकानात होते. गव्हाची पाक्सिमादी दिसायला तशीच, पण फिकट असतात. ती पाणी लागताच विरघळतात. पाकिटावर ‘क्रिथिनो’ म्हणजे सातूचे, असे आहे का ते विचारून घ्या. काही पाकिटांत दोन्ही पिठांचे मिश्रण असते, नवख्यांना ते चावायला सोपे जाते. कॅरोब शेंगेच्या पिठाचेही मिळते, गडद तपकिरी आणि किंचित गोडसर.

क्सिनोमिझिथ्रा म्हणजे आंबटसर, दाणेदार, पसरता येणारे पांढरे चीज. नुसते ‘मिझिथ्रा’ मागितले तर गोडसर, ताजे चीज मिळण्याची शक्यता असते. ते दाकोसवर मिळमिळीत लागते, मधाबरोबर मात्र सुरेख.

पालेभाज्या

‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या हिरव्या भाज्या, वरून तेल आणि लिंबू. मेनूत ही ओळ अगदी साधी दिसते म्हणून पर्यटक ती सोडून देतात. पण या बेटावर पाल्याचे जितके प्रकार खाल्ले जातात तितके युरोपात फार थोड्या ठिकाणी खाल्ले जात असतील, आणि त्यांतले काही मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत. उन्हाळ्यात होर्ता म्हणून जे ‘व्लीता’ येते तो माठच. तो देठांसकट, कोवळ्या झुकिनीबरोबर उकडतात. टोमॅटोच्या सॅलडमध्ये जाड, आंबटसर, मांसल पाने दिसली तर ती घोळ. तिला इथे ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणतात आणि ती कच्चीच खातात.

आपल्याकडे नसलेली आणि मुद्दाम खाण्यासारखी भाजी म्हणजे ‘स्तामनागाथी’. खडकाळ उतारावर आणि समुद्राकाठी वाढणारी काटेरी चिकोरी, आता तिची शेतीही होते. कडवट असते. पहिल्यांदा खाणाऱ्याने ती उकडलेली घ्यावी, कच्ची नव्हे. पाण्यात बराचसा कडवटपणा उतरतो आणि मागे जी चव राहते ती लिंबाने उठून दिसते. कारले आवडणाऱ्यांनी सरळ कच्चे सॅलड घ्यावे. मांसाहारी लोकांनी ती कोकराच्या मांसाबरोबर शिजवलेली खाऊन पाहावी, तिथे कडवटपणा चरबीला तोडतो.

आठवडी बाजाराला ‘लाइकी’ म्हणतात. शहरांत वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या भागांत भरतो, सकाळी आठ ते दुपारी एक. मुक्कामाच्या ठिकाणी तुमच्या भागाचा वार विचारा. तिथून एक किलो व्लीता आणली तर तीन-चार जणांना होते. जाड देठ काढा, तीन पाण्यांनी धुवा, कारण माती खूप असते. भरपूर उकळत्या खारट पाण्यात, झाकण न ठेवता, सुमारे दहा मिनिटे. झाकण ठेवले की पाला काळपट पडतो. निथळून, कोमट असतानाच चार मोठे चमचे तेल आणि एका लिंबाचा रस. तेल हातचे राखून घालू नये. इथे ते फोडणीपुरते नसते, भाजीचा निम्मा स्वाद त्याचाच असतो.

भरपूर ऑलिव्ह तेलात कांदा-टोमॅटोबरोबर शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात: फरसबी, भेंडी, वांगी, आर्टिचोक. त्या गरमागरम येत नाहीत, कोमट येतात. हे शिळे म्हणून नव्हे, तेल आणि रस एकजीव व्हायला तेवढा वेळ लागतो. गरम करून मागितले तर देतील, पण तसे करू नका.

पीठ आणि चीज

‘कालित्सूनिया’ हे हातात मावणारे, सारण भरलेले तुकडे, तळलेले किंवा भाजलेले. सारण दोन तऱ्हेचे: मिझिथ्रा, किंवा पालेभाज्या आणि बडीशेपेचा पाला. चीजवाल्यावर मध घेऊन खातात. भाजलेल्यांना वरून बहुधा अंडे लावलेले असते, आणि चीजच्या सारणातही अंडे असू शकते. अंडे चालत नसेल तर ‘होरीस अव्गो’ असे विचारल्याशिवाय घेऊ नका.

‘स्फाकियानी पिता’ ही नैऋत्येच्या स्फाकिया भागातली. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्राचा गोळा भरून पातळ लाटतात आणि जवळजवळ कोरड्या तव्यावर भाजतात. करण्याची रीत थेट आपल्या पुरणपोळीची, फक्त आत खारट-आंबट चीज आणि वर मध. कणकेत चमचाभर राकी घालतात, ती भाजताना उडून जाते. पण ज्यांना तत्त्वतः चालत नाही त्यांना माहीत असावे. तव्यावरून उतरताच खायची. दहा मिनिटांत ती चिवट होते, म्हणून इतर सर्व पदार्थ संपल्यावर मागवा.

हानिया भागात ‘बूरेकी’ शोधा. झुकिनी आणि बटाट्याच्या चकत्या, मधे मिझिथ्रा आणि भरपूर पुदिना, ओव्हनमध्ये तासाभराहून जास्त. हे दुपारचे खाणे. ट्रेच्या मधला तुकडा मागा, कडेचा कोरडा असतो.

न्याहारीला ‘बूगात्सा’. 1922 नंतर आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कीतून) आलेल्या निर्वासितांनी हा पदार्थ ग्रीसच्या शहरांत रुजवला. हानियात पातळ पापुद्र्यांत आंबटसर मिझिथ्रा भरतात आणि वर साखर भुरभुरतात, हेराक्लिओनमध्ये रव्याच्या गोड क्रीमचा प्रकारही तितकाच चालतो. हेराक्लिओनला लायन्स चौकातल्या मोरोसिनी कारंज्यासमोर बसून खाता येतो. सकाळी दहाच्या आत जा. दुपारपर्यंत पापुद्रे मऊ पडतात.

चीजबद्दल एक खुलासा हवाच. ‘ग्राविएरा’ हे इथले कडक, किंचित गोडसर चीज मेंढीच्या दुधाचे, त्यात थोडे शेळीचे. ते आणि बाकीची पारंपरिक चीजेही बहुधा प्राणिज रेनेटने, म्हणजे कोकराच्या जठरातल्या विरजणाने बांधतात. कडक शाकाहारी असाल तर हे जाणून ठरवा. वेटरला विचारून खात्रीचे उत्तर मिळत नाही, दुकानातल्या वेष्टनावर पाहावे लागते.

शाकाहाऱ्यांसाठी: मांस कुठे लपते

‘ईमे होर्तोफागोस’ म्हणजे मी शाकाहारी आहे. हे सांगणे आवश्यक, पण पुरेसे नाही, कारण मांसाचे तुकडे नसले म्हणजे शाकाहारी असा समज असतो. पुढच्या ठिकाणी सावध राहा.

‘गामोपिलाफो’ हा लग्नातला भात. दिसायला पांढरा, मऊ, लिंबाच्या चवीचा. तो बोकडाच्या किंवा कोंबड्याच्या मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. बरेच शाकाहारी पर्यटक हा साधा भात समजून खातात. ‘येमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. क्रीटमध्ये बहुतेकदा फक्त भात आणि पुदिना-पार्सली, पण काही ठिकाणी खिमाही घालतात. ‘होरीस किमा’ म्हणजे खिम्याशिवाय, असे विचारा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांना आणि झुकिनीच्या भरल्या फुलांना हेच लागू. सूपमध्ये ‘होरीस झोमो क्रेआतोस’, मांसाच्या पाण्याशिवाय.

‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचे, हा शब्द फार उपयोगी. तो ऐकला की मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही याची खात्री. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा: त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, माखूळ, कोळंबी आणि गोगलगायी चालतात, कारण त्यांत रक्त नाही असे मानतात. म्हणून ‘निस्तीसिमो’ आणि ‘होर्तोफागोस’ हे दोन्ही शब्द एकत्र वापरा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना लादेरा बाद होतात. त्यांच्यासाठी उकडलेली होर्ता, दाकोस, मिझिथ्रा आणि मध, स्फाकियानी पिता, फळे. दाकोसमध्ये कांदा सहसा नसतो, तरी सांगून ठेवा.

मांस

गामोपिलाफो मांसाहारी माणसाने जरूर खावा, पण रविवारी दुपारी आणि शक्यतो डोंगरातल्या गावात. तांदूळ मांसाच्या पाण्यात शिजवून शेवटी लिंबू आणि ‘स्ताकोवूतिरो’ घालतात. शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाची साय साठवून, पिठाबरोबर मंद आचेवर हलवली की तूप वेगळे होते, ते हे. खाली राहते ती दाट, मलईदार ‘स्ताका’. ती अंड्यावर किंवा तळलेल्या बटाट्यांवर घालतात आणि अतिशय जड असते, चौघांत एक वाटी पुरे. गामोपिलाफो थंड होऊन पुन्हा गरम केला की गोळा होतो. ताटलीत तो वाहता, खिमटाहून थोडा दाट असावा.

‘आंतीक्रिस्तो’ ही अनोया आणि आसपासच्या धनगरी गावांची रीत. कोकराचे चार मोठे तुकडे करून फक्त मीठ लावतात, लांब सळयांना ओवून जाळाभोवती उभे करतात. मांस निखाऱ्यांवर नसते, जाळासमोर असते, त्यामुळे चरबी आगीत पडत नाही आणि धूर-जळका वास लागत नाही. याला तास न् तास लागतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवावी. भाव किलोवर असतो. हाडांसकट माणशी अर्धा किलो धरा. मसाला, चटणी काही नसते आणि मागूही नये.

‘त्सिगारियास्तो’ हे हानियाकडचे, शेळीचे किंवा कोकराचे मांस तेलात आणि स्वतःच्याच रसात मंद शिजवलेले. मटण आवडणाऱ्या मराठी माणसाला सर्वात लवकर पटेल ते हेच. पावाने तळचे तेल पुसून खायचे. डुकराचे मांस चालत असेल तर धुरावलेले ‘आपाकी’ पातळ काप करून मागवा.

गोगलगायी, ‘होह्लिई बूबूरिस्ती’, मिठाच्या थरावर तोंड खाली करून परततात, मग तेल, व्हिनेगर आणि रोजमेरी. टोकदार काट्याने टोचून थोडे वळवत ओढायचे. कोळंबी-शिंपल्यांची किंवा धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी या खाऊ नयेत, तीच प्रतिक्रिया येऊ शकते.

मासे मागवताना वजनकाटा पाहा

बिलावरून वाद होतात ते बहुतेक माशांमुळे. मोठ्या माशाचा मेनूतला भाव किलोचा असतो, प्लेटचा नव्हे. बर्फावर ठेवलेल्यांतून मासा निवडा, तुमच्यासमोर तोलायला सांगा आणि आकडा युरोत विचारा. भाव किलोला 60 युरो असेल आणि मासा 700 ग्रॅमचा भरला तर 42 युरो, आणि हे वजन साफ करण्याआधीचे, डोके-आतड्यांसकट. लाव्राकी आणि त्सिपूरा हे दोन मासे स्वस्त दिसले तर ते शेततळ्यासारख्या जाळ्यांत वाढवलेले असतात, खायला चांगले पण मोकळ्या समुद्रात पकडलेले नव्हेत.

खर्च आवरायचा असेल आणि चवही हवी असेल तर लहान मासे घ्या: ‘गाव्रोस’ आणि ‘सार्देलेस’. प्लेटच्या भावाने मिळतात, तळून किंवा भाजून, लिंबाबरोबर. क्रीटची खास चव हवी असेल तर ‘सूपिएस मे माराथो’, म्हणजे बडीशेपेच्या पाल्यात आणि ऑलिव्हमध्ये शिजवलेले माखूळ.

जेवण झाल्यावर

बिलाबरोबर न मागता एक ताटली आणि छोटी बाटली येते. हे ‘केरास्मा’, घरचे म्हणून दिलेले, याचे पैसे नसतात. बाटलीत राकी असते, तिला ‘त्सिकुदिया’ही म्हणतात, 40 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. घोट घोट घ्यायची, एका दमात नाही. नको असेल तर हसून नको म्हटले तरी चालते. गाडी चालवायची असेल तर शिवूच नका. ग्रीसमध्ये मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, नव्या चालकांना त्याहून कमी, आणि डोंगरातले रस्ते वळणांचे आहेत. त्याऐवजी ‘मालोतिरा’ हा डोंगरी चहा मागा, कॅफीन नसते आणि जड जेवणावर बरा वाटतो.

ताटलीत फळे असतात किंवा रव्याचा ‘हाल्वास’. त्याचे प्रमाण कुणालाही पाठ होईल असे: एक वाटी तेल, दोन वाट्या जाड रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. रवा ऑलिव्ह तेलात तांबूस होईपर्यंत भाजतात आणि त्यावर गरम पाक ओततात, दालचिनी आणि बदाम घालून साच्यात बसवतात. दूध-तूप नाही, म्हणून उपवासाला चालतो. घरी करताना पाक ओतण्याआधी गॅस बंद करा आणि लांब दांड्याचा चमचा घ्या, तडतडून अंगावर उडतो.

घरी काय आणावे

तेल. काचेच्या बाटलीपेक्षा पत्र्याचा डबा घ्या, उजेड लागत नाही आणि फुटत नाही. 3 लिटरचा डबा चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधे बसतो. डब्यावर तोडणीचे वर्ष पाहा. चालू हंगामाचे असावे, कारण दीड वर्षानंतर तेलाचा तिखट-हिरवा स्वाद जातो. सितिया, कोलिंवारी आणि पेझा या भागांची नावे संरक्षित आहेत, त्यांचा शिक्का असलेले घ्या. जास्त तापवून तळणात वाया घालवू नका, उकडलेल्या भाजीवर, भाकरीवर, वरणावर कच्चेच घ्या.

थाइमच्या फुलांवरचा मध, सातूची पाक्सिमादी, सुका ओरेगानो आणि मालोतिरा हे सगळे टिकते. मध हाही द्रव धरला जातो, 100 मिलीच्या वरचा हँडबॅगेत नेला तर विमानतळावर काढून घेतात. पाक्सिमादी कडक असली तरी दाबाने चुरा होते, म्हणून ती डब्यात भरून हँडबॅगेत ठेवा.